दिलाचे दुखणे आणि पोटातले जिवाणू

वस्तीत कुणाला हृदयविकाराचा झटका आला की विचारपूस करायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बीपी होते का? शुगर होती का? विडी-तंबाखूची सवय होती का? कामाचे टेन्शन होते का? हे चारही प्रश्न बरोबर आहेत. डॉक्टरही तेच विचारतात. गेल्या पंधरा वर्षांत संशोधकांनी मात्र या यादीत पाचवा प्रश्न जोडला आहे : या माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना रोज खायला काय मिळत होते?

प्रश्न ऐकून हसू येईल. आतडी पोटात, हृदय छातीत. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? पण आपण खाल्लेला प्रत्येक घास आतड्यातूनच रक्तात उतरतो, आणि वाटेत या जिवाणूंच्या हातून जातो. ते त्या घासाचे काय करतात, यावर रक्तात काय उतरेल हे पुष्कळसे अवलंबून असते.

विषय समजून घेताना आपल्या नजरेसमोर जालन्याच्या मस्तगडसारखी वस्ती ठेवू या. आजी-आजोबा, मुले-सुना आणि नातवंडे एकाच चुलीवरचे जेवण जेवतात. भाकरी आहे, भात आहे, डाळ आहे, गोश्त आहे. आता नाक्यावरचा नान, बेकरीची खारी आणि फ्रिजमधले कोल्ड्रिंकही आहे. अशा घराने काय समजून घ्यावे आणि काय बदलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्यावर वेळ लवकर का येते?

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासातून असे दिसले की दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो ५९ च्या आसपास येतो. सहा वर्षांचा हा फरक लहान नाही. ५३ व्या वर्षी अनेक घरांत मुलीचे लग्न व्हायचे असते, धाकट्याचे शिक्षण चालू असते आणि कमावणारा तोच एक असतो.

भारतात १९९० साली शंभर मृत्यूंमागे सुमारे १५ मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत. २०१६ पर्यंत हे प्रमाण २८ वर गेले. पंचवीस-सव्वीस वर्षांत माणसाचे रक्त किंवा वंश बदलत नाही. बदलते ती राहणी आणि बदलते ते ताट. जिवाणूंचा प्रश्न इथे सुरू होतो.

पोटातली वस्ती

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्या साधारण ३० लाख कोटी. म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच! यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात, आणि सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम पाव किलो भरते.

'जिवाणू' म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण आतड्यातले बहुसंख्य जिवाणू आपले भाडेकरू आहेत. भाड्याच्या बदल्यात ते कामे करतात : काही जीवनसत्त्वे तयार करतात, बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत, आणि जे आपल्याला पचत नाही ते पचवतात. बाळाला पहिले जिवाणू जन्माच्या वेळी आईकडून मिळतात, मग आईच्या दुधातून, मग घरातल्या माणसांकडून आणि अन्नातून. १९०८ साली नोबेल मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दह्यातल्या जिवाणूंचा आणि दीर्घायुष्याचा संबंध जोडला होता. त्यांचे सगळे म्हणणे पुढे टिकले नाही, पण पोटातल्या जिवाणूंकडे लक्ष द्यायला त्यांनी लोकांना शिकवले.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसाच्या आतड्यातील जिवाणूंचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीयांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' या गटांचे जिवाणू जास्त असतात. प्रिव्होटेला हा धान्य, डाळी आणि भाजीपाल्याचा चोथा खाणारा जिवाणू मानला जातो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण जे खात आलो, त्याप्रमाणे पोटातली ही वस्ती वसत गेली.

याच संशोधकांनी २०२० साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी सहा एकत्र कुटुंबे निवडली. तीन पिढ्या एका छताखाली राहणारी ही एकूण ५४ निरोगी माणसे होती. आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या जिवाणूंत वयाप्रमाणे काय फरक पडतो, हे त्यांनी पाहिले. पिढीपिढीत काही फरक सापडले, पण आतड्यातला फरक थोडाच होता आणि प्रिव्होटेला सर्व पिढ्यांत भरपूर आढळला. मस्तगडमधल्या अनेक घरांना आपलीच वाटावी अशी ही कुटुंबरचना आहे.

गोश्त, अंडे आणि टीएमएओ

आता हृदयाकडे येऊ. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयात डॉ. स्टॅनली हेझन आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते : हृदयविकार होणाऱ्यांच्या रक्तात असे काय असते, जे इतरांच्या रक्तात कमी असते? २०११ साली त्यांना एक पदार्थ सापडला. त्याचे लांबलचक नाव ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड. सोयीसाठी आपण त्याला टीएमएओ म्हणू.

हा पदार्थ तयार होण्याचे दोन टप्पे आहेत. अंड्याच्या बलकात आणि कलेजीत कोलीन नावाचा घटक भरपूर असतो. बकऱ्याच्या किंवा मोठ्याच्या लाल गोश्तात कार्निटीन असते. या दोन्हींचा जो भाग पचायचा राहतो, तो आतड्यातल्या काही जिवाणूंच्या हाती लागतो आणि ते त्यापासून टीएमए नावाचा वायू तयार करतात. हा वायू रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथे त्याचे टीएमएओ होते. म्हणजे कच्चा माल आपल्या ताटातला, पहिली भट्टी जिवाणूंची आणि दुसरी यकृताची.

यात जिवाणूंचा हात आहे हे कसे कळले? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी खायला दिली. काही तासांत त्यांच्या रक्तातले टीएमएओ वाढले. मग त्यांना आठवडाभर प्रतिजैविके दिली आणि पुन्हा अंडी दिली. या वेळी टीएमएओ जवळजवळ तयारच झाले नाही, कारण ते बनवणारे जिवाणू मेले होते. औषधे थांबवून महिनाभराने तीच अंडी दिली, तेव्हा टीएमएओ पुन्हा दिसू लागले.

याच संशोधकांनी हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या ४,००७ रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. ज्या एक-चतुर्थांश लोकांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त होते, त्यांच्यात झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी टीएमएओ असलेल्यांच्या अडीच पट निघाला. पुढे २०१६ साली असे दिसले की टीएमएओमुळे रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात, म्हणजे गुठळी लवकर धरते. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे म्हणजेच बहुतेक वेळा झटका.

सर्वांत लक्षात ठेवण्यासारखा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. २०१३ सालीच संशोधकांनी वर्षानुवर्षे मांस, अंडी, दूध यांतले काहीच न खाणाऱ्या माणसाला मांसाचा मोठा तुकडा खायला दिला. नेहमी मांस खाणाऱ्याच्या रक्तात त्या जेवणाने टीएमएओ बरेच वाढले. या माणसाच्या रक्तात फारसे वाढले नाही. मांस तेच होते, पोटातली वस्ती वेगळी होती. आपण जे वारंवार खातो, ते खाणारे जिवाणू पोटात वाढतात. ही वस्ती एका दावतीने बनत नाही. ती रोजच्या ताटातून बनते.

आणि ती बदलूही शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११३ निरोगी माणसांनी आळीपाळीने एक महिना लाल गोश्त, एक महिना कोंबडीसारखे पांढरे मांस आणि एक महिना फक्त डाळी-वनस्पतींची प्रथिने खाल्ली. लाल गोश्ताच्या महिन्यात टीएमएओ सुमारे तिप्पट झाले. ते बंद केल्यावर महिनाभरात खाली आले.

घाबरून जाण्याआधी

एवढे वाचून कुणी उद्यापासून अंडे आणि गोश्त हराम ठरवू नये. विज्ञानात एका बाजूचे ऐकून निकाल देता येत नाही.

पहिली गोष्ट, समुद्रातल्या मासळीत टीएमएओ आयतेच असते. मासे खाल्ल्यावर ते रक्तात भरपूर वाढते, आणि तरीही मासे खाणाऱ्यांच्या हृदयाला त्याचा तोटा झाल्याचे दिसत नाही. दुसरी गोष्ट, टीएमएओ मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड कमजोर झाले की ते रक्तात साचते. २०१९ साली माणसांच्या जनुकांवरून केलेल्या एका अभ्यासाने तर असे सुचवले की मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांच्यामुळेच टीएमएओ वाढत असावे. ते हृदयविकाराचे मूळ कारण असेलच असे नाही. तिसरी गोष्ट, कोलीन शरीराला हवेच असते. गरोदर बाईला तर ते जास्त लागते.

तेव्हा टीएमएओची महागडी तपासणी करून घेण्याची सध्या गरज नाही. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या स्वस्त आहेत आणि त्यांचे महत्त्व पुरते सिद्ध झालेले आहे. जिवाणूंच्या अभ्यासाने आपल्याला ताटाकडे बघायची एक नवी नजर दिली, एवढे मात्र खरे.

तटबंदी पक्की कशाने राहते?

मस्तगड हे नाव जालन्याच्या किल्ल्याच्या गढीचे. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या काळात, १७२५ साली काबिलखानाने हा किल्ला बांधला. किल्ल्याचे सारे बळ तटबंदीत असते. तट शाबूत असेल तर बाहेर कितीही गर्दी असो, आतला माणूस निर्धास्त झोपतो. आपल्या आतड्यालाही अशीच तटबंदी आहे : पेशींचा एकच थर आणि त्यावर चिकट स्रावाचा लेप. एका बाजूला कोट्यवधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त.

या तटाची डागडुजी कोण करते? धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट अशी आम्ले तयार करतात. यातले ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचे मुख्य अन्न आहे. पेशींना ते मिळाले की तट पक्का राहतो. चोथा मिळाला नाही की उपाशी जिवाणू काय करतात? उंदरांवरच्या प्रयोगात दिसले, की ते तटावरचा चिकट लेपच खाऊ लागतात. मग तटाला भेगा पडतात, जिवाणूंचे तुकडे रक्तात शिरतात आणि शरीरात मंद आंच पेटल्यासारखा दाह चालू राहतो. रक्तवाहिनीच्या आत चरबीचा थर बसण्यात आणि तो फुटण्यात या दाहाचा मोठा वाटा असतो.

चोथ्याचे दुसरेही काम आहे. पित्त बनवायला यकृत कोलेस्टेरॉल वापरते. चोथा आतड्यातले पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो, म्हणून यकृताला नवे पित्त बनवण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. हकीमसाहेबांच्या दुकानातला इसबगोल कोलेस्टेरॉल थोडे कमी करतो, तो याच वाटेने. काही जिवाणू तर आतड्यातल्या कोलेस्टेरॉलचेच रूपांतर करतात. २०२४ साली अमेरिकेतल्या १,४०० हून अधिक लोकांच्या अभ्यासात 'ऑसिलिबॅक्टर' नावाचा असा एक जिवाणू ज्यांच्यात जास्त, त्यांचे कोलेस्टेरॉल कमी असे आढळले.

रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी असते, असे २०१९ साली जगभरच्या अभ्यासांची छाननी करून सांगण्यात आले. टीएमएओबद्दल वाद आहेत. चोथ्याच्या फायद्याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही.

जुना दस्तरखान आणि नवा

२५ ग्रॅम चोथा कुठून आणायचा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, गव्हाच्या आट्यात ११, तुरीच्या डाळीत ९ आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र तीन ग्रॅमसुद्धा नसतो.

आता हिशोब करा. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीची डाळ, मूठभर भिजवलेले हरभरे, एक पालेभाजी आणि एक पेरू. २५ ग्रॅम सहज पुरे होतात. उलट दोन नान, प्लेटभर बिर्याणी आणि सोबत कोल्ड्रिंक. दहा ग्रॅमही होत नाहीत, आणि मीठ, साखर, चरबी मात्र भरपूर.

गंमत अशी की आपल्या आजी-नानींचा स्वयंपाक हे सगळे न मोजता सांभाळत होता. दालचा घ्या. चण्याची किंवा तुरीची डाळ, त्यात दुधी, चिंचेची आंबट चव आणि थोडे गोश्त. अर्ध्या किलो गोश्तात दहा माणसांचे घर जेवत असे. अंबाडा-गोश्तात अंबाडीचा पाला गोश्ताच्या बरोबरीने असतो. हलीममध्ये गहू, डाळी आणि गोश्त एकजीव होतात. सकाळच्या खिचडी-खट्ट्यात मसुरीची डाळ आणि तीळ असतात. या प्रत्येक पदार्थात गोश्त चवीला होते आणि पोट भरायला डाळ, धान्य, पाला होता. तेव्हा ही काटकसर होती. आज ती हृदयाची काळजी ठरते आहे.

हळूहळू दस्तरखान बदलला. गोश्तातून डाळ निघाली, पाला निघाला. राहिली ती तर्री आणि बोट्या. भाकरीच्या जागी मैद्याचा नान आला. कुर्बानीचे गोश्त पूर्वी वाटले जाई, थोडे वाळवून ठेवले जाई आणि आठवड्याभरात संपे. आता डीप-फ्रीजरमुळे महिना-महिना रोज गोश्त शिजते. फ्रिजचा दोष नाही. पण ज्यांच्यापर्यंत वाटा पोहोचायचा त्यांच्यापर्यंत तो पोहोचला, तर देणाऱ्याचे ताटही हलके राहील.

जालना डाळींच्या आणि ज्वारीच्या मुलखात आहे. शेजारच्या बदनापूरला कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेले तुरीचे वाण साऱ्या मराठवाड्यात पेरले जातात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती रस काढून, साखर घालून पिण्यापेक्षा फोडी करून खाल्ली तर तिचा चोथाही पोटात जातो. जिवाणूंना लागणारे सगळे अन्न आपल्या आठवडी बाजारात आहे, आणि तेही बाटलीबंद औषधांपेक्षा कितीतरी स्वस्त.

रमजान आणि जिवाणू

चीन आणि तुर्कस्तानात रोजेदारांवर काही अभ्यास झाले आहेत. महिनाभराच्या रोजांनंतर ब्युटिरेट बनवणाऱ्या किंवा तटावरच्या लेपाशी मैत्री असणाऱ्या काही जिवाणूंची संख्या वाढलेली त्यांत दिसली. रमजान संपल्यावर काही दिवसांत ती पूर्ववत झाली. हे अभ्यास लहान आहेत, म्हणून त्यांवरून मोठे दावे करू नयेत. पण एवढे नक्की, की दिवसभर पोटाला दिलेली विश्रांती इफ्तारच्या तळलेल्या भज्यांनी आणि रंगीत सरबतांनी वाया जाऊ शकते. खजूर, पाणी, फळे, उकडलेले चणे आणि मग बेताचे जेवण, ही इफ्तारची साधी रीत पोटालाही मानवते आणि हृदयालाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण तर आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. हृदयविकाराच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांनी रोजे ठेवण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

घरात काय करता येईल?

एक. आठवड्यात लाल गोश्ताचे दिवस ठरवून घ्या, आणि त्या दिवशीही त्यात डाळ किंवा पाला घाला. नुसत्या तर्रीपेक्षा दालचा, अंबाडा-गोश्त, मेथी-गोश्त बरे.

दोन. दिवसातून एका जेवणात तरी ज्वारीची भाकरी किंवा कोंड्यासकट आट्याची रोटी ठेवा. मैदा पाहुण्यांच्या दिवसासाठी राहू द्या.

तीन. चोथा एकदम वाढवू नका. पोट फुगेल, गॅस होईल आणि घरचे म्हणतील, जुनेच बरे होते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसे प्या. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

चार. मीठ कमी करा. जास्त मिठाने काही उपयोगी जिवाणू घटतात आणि रक्तदाब वाढतो, असे २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. माणसाच्या रक्तदाबावर मिठाचा परिणाम तर पूर्वीपासूनच माहीत आहे. लोणचे, पापड आणि फरसाण रोज एकाच ताटात नकोत.

पाच. सर्दी-तापाला मेडिकलवरून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके आणू नका. एका कोर्सने चांगले जिवाणूही मरतात. "प्रतिजैविकाने टीएमएओ थांबते, मग तेच घेऊ" असेही कुणी म्हणू नये. प्रतिजैविके देऊन हृदयविकाराचे झटके टाळता येतात का, हे हजारो रुग्णांवर तपासून झाले आहे. २००५ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. फायदा दिसला नाही.

सहा. घरचे दही, ताक अवश्य घ्या. पण प्रोबायोटिकच्या महागड्या बाटल्या आणि कॅप्सूल हृदयविकार टाळतात, असे अजून सिद्ध झालेले नाही.

सात. हृदयाचे औषध कुणाच्या सांगण्यावरून बदलू किंवा बंद करू नका. काही जिवाणू औषधांवरही काम करतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध काही लोकांच्या आतड्यातला एक जिवाणू निकामी करून टाकतो. डोस ठरवणे हे म्हणूनच डॉक्टरांचे काम आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. सगळ्यांना वाढून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात बहुतेकदा भात आणि उरलेली तर्री येते. भाजी आणि डाळ संपलेली असते. तिचेही हृदय आहे. ताटे एकत्र वाढली गेली, तर तिच्याही वाट्याला पाला येईल.

"गॅस झाला असेल"

पोट आणि हृदय यांची एक गल्लत मात्र जीवघेणी ठरते. छातीच्या मध्यभागी दाब येतो, जळजळते, घाम फुटतो, मळमळते, आणि घरातला कुणीतरी म्हणतो, "गॅस झाला असेल, सोडा द्या." तासभर सोडा, ओवा आणि जिऱ्याचे पाणी यात जातो. हृदयाचा स्नायू त्या तासात मरत असतो.

हे दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात उतरू शकते. बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा विचित्र थकवा येऊ शकतो. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाला असे काही झाले, तर गॅस आहे की नाही हे ईसीजी निघाल्यावर ठरवा. १०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्णाला चालवू नका, जिना चढू देऊ नका. खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढण्याचे उपचार समाविष्ट आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.

पोटातल्या जिवाणूंना महिनाभर चांगले अन्न मिळाले तर त्यांची वस्ती बदलू लागते. तंबाखू सुटली, बीपी-शुगर ताब्यात राहिले आणि रोज अर्धा तास चालणे झाले, तर त्या बदलाला बळ येते. येत्या जुम्म्याला घरात गोश्त शिजणार असेल, तर त्यात वाटीभर डाळ आणि एक जुडी अंबाडी घालून पाहा.